नाव न घेता केलेली प्रार्थना

आमच्या मंडळीत प्रार्थना करताना कुणाचं नाव घ्यायचं नाही, असा दंडक होता. मंडळी म्हणजे आमचं चर्च. त्याला इमारत नव्हती. नगर, सोलापूर, पुण्याकडून नोकरीनिमित्त पनवेलला आलेली वीसेक ख्रिस्ती कुटुंबं, एवढीच काय ती मंडळी. रविवारी एका शाळेचा हॉल घेऊन उपासना व्हायची आणि गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा. घरच्या सभेत सतरंजीवर गोल करून बसायचं, डोळे मिटायचे आणि बसल्या क्रमानं एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. "प्रभो, ज्या बहिणीचे यजमान पगाराच्या दिवशी उशिरा घरी येतात..." असं कुणी सुरू केलं की बहीण कोण आणि यजमान कोण, हे सगळ्यांना कळायचं. ते दोघंही तिथंच मांडी घालून बसलेले असायचे. पण नाव घेतलेलं नसायचं, म्हणून ती चुगली धरत नसत. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आमच्याकडे वीस घरं एकदम डोळे मिटायची.

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. सभेहून परत येताना मी आणि दादा त्या प्रार्थनांच्या नकला करत हसायचो आणि आई पुढं चालत असताना मागं न बघता "पुरे" म्हणायची. दादा माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर घर त्याच्यावर आलं होतं. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत तो लॅबमध्ये होता. आई नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली आणि मंडळीच्या महिला मंडळाची आधारस्तंभ. मी कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत होते. एकोणनव्वद-नव्वदचा तो काळ. दादा मला सगळं सांगायचा. कंपनीतला साहेब कसा बोलतो, बसमध्ये कोण मुलगी भेटते, कुठला शर्ट घालू, सगळं. मैत्रिणींना भाऊ मारायचे, दटावायचे. माझा भाऊ मला विचारून शर्ट घ्यायचा, याचा मला तोरा होता.

त्या वर्षी दादानं प्रभुभोजन घेणं बंद केलं. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षरसाच्या छोट्या प्याल्यांचा ट्रे बाकाबाकावरून फिरतो. दादा ट्रे हातात घ्यायचा आणि काही न उचलता शेजारच्याला द्यायचा. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा लोकांच्या माना वळल्या. आमच्यात प्रभुभोजन न घेणाऱ्या माणसानं काहीतरी केलेलं असतं. दारू, नाहीतर बाई, नाहीतर भांडण. आईनं त्याच्या शर्टाचा वास घेऊन बघितला. मग माझ्याकडे चौकशी केली. मला खरंच काही माहीत नव्हतं.

त्यानं ते मला कर्नाळ्याला सांगितलं. आमच्या तरुण संघाची सहल होती. बाकीचे किल्ल्याच्या दिशेनं पुढं गेले आणि दादा माझ्यासोबत मुद्दाम मागं राहिला. एका दगडावर बसला आणि बुटाच्या नाड्यांकडे बघत म्हणाला, "प्याला हातात घेतला की माझ्या मनात शिव्या येतात. देवाला. घाणेरड्या, आयमायवरच्या."

मी हसले. मला वाटलं, नक्कल करतोय. मग त्याचा चेहरा बघितला.

तो सांगत गेला. आधी फक्त उपासनेत यायच्या, आता सकाळच्या प्रार्थनेतही यायच्या. शिवी आली की प्रार्थना विटाळली, म्हणून तो पहिल्यापासून सुरू करायचा. मधे पुन्हा आली की पुन्हा पहिल्यापासून. कंपनीची बस चुकायची ती याच्यामुळे. आम्हाला वाटायचं, पठ्ठ्या झोपतोय. तो मोरीत दार लावून उभ्यानं प्रार्थना धूत बसलेला असायचा.

"मी असा नाहीये गं," तो म्हणाला. "मला देव हवाय."

मी पुस्तकातलं सांगितलं. दुसरं काय सांगणार? नेणिवेत दाबलेल्या इच्छा असतात, त्या वेश पालटून वर येतात, वडील गेल्याचा राग कदाचित देवावर निघत असेल. मला हा सिद्धांत तेव्हा फार देखणा वाटायचा. दादानं तो नीट ऐकून घेतला आणि त्याचा रंगच उडाला. "म्हणजे मला आतून तेच हवंय? देवाला शिव्या द्यायच्याच आहेत मला?" मी म्हटलं, तसं नाही रे, हे एक मत आहे. पण मत एकदा कानात गेलं की गेलं. त्या दिवशी तो किल्ल्यावर चढलाच नाही.

कॉलेजात मी सरांना आडून विचारलं, की एखाद्याला धर्माबद्दलच असे नको ते विचार येत असतील तर? सर म्हणाले, धर्म हाच मुळात माणूसजातीचा मंत्रचळ आहे असं मानणारे विद्वान आहेत, त्याला म्हणावं, देव सोड, विचार आपोआप सुटतील. वर्ग हसला. मी वही मिटून खिडकीबाहेर बघत बसले. पाय दुखतो म्हणून आलेल्याला पाय कापून टाक म्हणण्यासारखंच होतं ते. दादाला देव सोडायचा नव्हता. देव सुटेल या भीतीनंच तर तो मरत होता.

मग उरले आमचे पाळकसाहेब.

आज त्यांच्याबद्दल लिहिताना माझी लेखणी वाकडी जाते, तरी खरं ते सांगते. माणूस हुशार होता. धर्मशिक्षणानंतर त्यांनी समुपदेशनाचा कोर्स केलेला होता आणि महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर शाळेच्या त्याच फळ्यावर ते 'मन आणि विश्वास' असा वर्ग घ्यायचे. फळ्यावर पाढे लिहिलेले असायचे, ते पुसून तीन वर्तुळं काढायचे. शरीर, मन, आत्मा. जाडजूड सिद्धांत ते दोन वाक्यांत पकडायचे. "नेणीव शोधणाऱ्या डॉक्टरांचे आभार माना," म्हणायचे. "घराला तळघर आहे आणि तिथं कचरा साठतो, हे त्यांनी दाखवलं. पण कचरा बघण्यात ते इतके रमले, की घराला मालक आहे का, हे विचारायचं राहिलं." कुत्र्यावरच्या प्रयोगाबद्दल म्हणायचे, "घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते आणि मलाही सुटते. पण घंटा वाजल्यावर उपास धरू शकणारा प्राणी एकच." आणि माणूस मुळातच चांगला आहे म्हणणाऱ्या पंडितांना ते आमच्या कमिटीच्या मीटिंगचं आमंत्रण द्यायचे. सगळे खळखळून हसायचे.

मी भांडायचे त्यांच्याशी. मन कुठं संपतं आणि आत्मा कुठं सुरू होतो, ते या वर्तुळांत दाखवा म्हणायचे. ते रागवायचे नाहीत. "रेघ खडूची आहे, बेटा," म्हणायचे, "देवानं आखलेली नाही." कॉलेजात देवाचं नाव काढलं की मी खुळी ठरायचे आणि मंडळीत मानसशास्त्राचं नाव काढलं की अर्धवट. दोन्ही एका तोंडानं बोलणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता. मी भाळले होते त्यांच्या बुद्धीवर. म्हणून मीच दादाच्या मागं लागले, त्यांना सांग म्हणून. तो तयार होईना. शेवटी एका शनिवारी दुपारी, मी बरोबर येणार या अटीवर, तयार झाला.

पाळकसाहेबांच्या बाहेरच्या खोलीत एक बाजाची पेटी, दोन वेताच्या खुर्च्या आणि एक कॉट. त्यांनी दार लोटून घेतलं. दादानं मान खाली घालून सगळं सांगितलं, शिव्यांसकट. आमचे लोक असलं काही ऐकलं की लगेच डोळे मिटून प्रार्थनेला लागतात. हे डोळे उघडे ठेवून ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "तुला हे विचार आवडतात?"

"नाही! मेलो तरी नाही."

"मग ते तुझे नाहीत. रस्त्यावरून जाणारा शिवी देतो आणि ती तुझ्या खिडकीतून आत येते. ती तू दिलीस का?"

मग त्यांनी शास्त्रातल्या एका संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. तो इतका थकला होता की झाडाखाली पडून मरण मागत होता. देवानं त्याला बोल लावला नाही. आधी झोप दिली, मग गरम भाकर दिली, पुन्हा झोप दिली आणि बोलणं मागाहून काढलं. "आपल्याला आधी भाकर बघायची आहे," पाळकसाहेब म्हणाले. "ठाण्याला एक मनाचे डॉक्टर आहेत. हा आजार असणार, पाप नाही. जाऊ आपण." दादा रडायला लागला. मला इतकं हलकं वाटलं, की मी देवाचे आणि माझ्या विषयाचे एकदमच आभार मानले.

निघताना दादा म्हणाला, "पाळकसाहेब, आईला कळता कामा नये. ती मोडेल."

"माझ्या पोटात राहील," ते म्हणाले आणि छातीवर हात ठेवला. मी तो हात बघितलेला आहे.

एस.टी. स्टँडजवळ दादानं दोन वडापाव खाल्ले. कितीतरी दिवसांनी मी त्याला मिरची चावताना बघितलं. मला म्हणाला, "शहाणी आहेस तू." पुढचे काही दिवस तो खरंच बरा होता. मोरीतनं लवकर बाहेर यायचा. ठाण्याला जायचा दिवसही ठरत होता.

त्याच सुमाराला जुन्या पनवेलात एका कुटुंबाकडे गुरुवारची सभा होती. खोली लहान, माणसं खेटून बसलेली. आई, तिच्याशेजारी दादा, मग मी. प्रार्थनेची फेरी आईपर्यंत आली. आईची प्रार्थना नेहमी लांब असायची. आजाऱ्यांसाठी, परीक्षेच्या मुलांसाठी, देशाच्या पुढाऱ्यांसाठी. मग तिचा आवाज चिरकला.

"प्रभो, एका विधवेचं लेकरू तुझ्यापुढं आणते. तुझा पवित्र प्याला हातात घेतला की त्या लेकराच्या मनात तुझ्या नावानं घाणेरड्या शिव्या येतात. दुष्टानं त्याच्या जिभेवर घर केलंय, प्रभो. त्याला बांधून टाक. त्या लेकराला सोडव."

"होय, प्रभो," चारी बाजूंनी आवाज आले. "सोडव, प्रभो."

मी डोळे उघडले. सगळ्यांचे मिटलेले. समोर पाळकसाहेब बसले होते, त्यांचेही मिटलेले. दादाचे उघडे होते. तो समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. आईचं आमेन झालं आणि पाळी दादावर आली. सगळे वाट बघत होते, डोळे मिटून, मोठ्या प्रेमानं. स्वयंपाकघरात चहाला आधण आलेलं ऐकू येत होतं. मग दादा "आमेन" एवढंच म्हणाला, उठला आणि लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर गेला.

मी धावत गेले. तो तळ्याच्या बाजूला भराभरा चालत होता. मी गाठलं तसा थांबला आणि म्हणाला, "तू सांगितलंस."

"नाही, दादा."

"तीन माणसांना माहीत होतं. मी, तू आणि ते."

"मग त्यांनी सांगितलं असेल!"

"त्यांच्यावर ढकलू नकोस," दादा म्हणाला. इतक्या थंडपणे तो माझ्याशी आयुष्यात बोलला नव्हता. "त्यांनी मला सांगितलं हा आजार आहे. तू काय सांगितलं होतंस, आठवतंय? मला आतून तेच हवंय म्हणून. तुला मी पुस्तकातला धडा वाटलो. गेलीस आणि आईला वाचून दाखवलास."

मी चिडले, ओरडले, देवाची शपथ घेतली. त्यानं ऐकलं नाही. घरी आल्यावर त्यानं आईला समोरासमोर विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

आई म्हणाली, "मी आई आहे. मला कळतं."

"शिव्या येतात हे आईला आपोआप कळतं? हिनं सांगितलं ना?"

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. एक "नाही" म्हणायला कितीसा वेळ लागतो? तिनं पदरानं तोंड पुसलं आणि "भात लावायचाय" म्हणून आत गेली. दादाला उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी आईला धरलं. ती ढसाढसा रडली आणि सगळं सांगितलं. लेक प्रभुभोजन का घेत नाही, हे विचारायला ती पाळकसाहेबांकडे गेली होती. तिथं रडली, हातापाया पडली. त्यांनी सांगितलं. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलं. माझं नाव मधे येऊ देऊ नका, एवढं त्यांनी मागून घेतलं आणि आईनं वचन दिलं.

"मग काल 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"नाही म्हटलं असतं तर पाळकांचं नाव आलं असतं," आई म्हणाली. "पाळकाचं नाव गेलं की मंडळी मोडते, पोरी. तुझं काय, तू बहीण आहेस त्याची. आज रुसेल, उद्या बोलेल."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि सुळी देणारी माझी जन्मदाती. मी तिला त्या दिवशी पुष्कळ बोलले. त्यातलं एकही वाक्य मला आजही मागं घ्यावंसं वाटत नाही.

त्याच संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडे गेले. पेटी, वेताच्या खुर्च्या, सगळं तसंच. त्यांनी नाकारलं नाही, हे सांगायला हवं. "हो, सांगितलं," म्हणाले. "एक आई माझ्यापुढं रडत होती. आणि प्रार्थनेसाठी सांगणं म्हणजे बाहेर फोडणं नव्हे, बेटा. देवाच्या कानावर घातलं आम्ही."

"देवाला आधीच माहीत होतं," मी म्हटलं. "मंडळीला नव्हतं."

ते पेटीवरची धूळ पुसायला लागले. मी म्हटलं, "मग आता दादाला सांगा, की मी नव्हे, तुम्ही सांगितलंत."

तेव्हा त्यांनी मला अगदी मऊ आवाजात समजावलं. दादाला आज बोलायला फक्त तेच उरलेत. त्यांच्यावरचा विश्वास गेला तर तो ठाण्याला येणार नाही, गोळ्या घेणार नाही. माझं त्याच्याशी रक्ताचं नातं, ते तुटत नाही. योग्य वेळ आली की ते स्वतः सांगतील. मी रडत रडत म्हटलं, तुम्ही स्वतःला वाचवताय. त्यावर ते किंचित हसले. "तू मानसशास्त्राची विद्यार्थिनी. आपल्या मनातली अपराधाची बोच माणूस दुसऱ्यावर ढकलतो, त्याला काय म्हणतात, तुला मी सांगायला नको."

माझाच विषय त्यांनी माझ्या अंगावर टाकला. घरी येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं आणि आजवर पुरलं. मी तेव्हा शिकत होते त्या एकाही सिद्धांतात, सज्जन माणूस तुमच्याच भल्यासाठी हळुवारपणे खोटं वागतो तेव्हा त्याला काय म्हणायचं, याचा शब्द नव्हता. तळघर नाही, घंटा नाही, वर्तुळं नाहीत. तो शब्द आमच्या शास्त्रात होता, फार जुना, दोन अक्षरी. पाप. कॉलेजातल्या सरांकडे तो नव्हताच. पाळकसाहेबांकडे होता, त्यांनी तो आयुष्यभर इतरांना समजावला आणि स्वतःच्या दाराशी आल्यावर त्याला ओळख दिली नाही.

बातमी व्हायची तशी झाली. मंडळीतल्या बायका आईला डबे आणून द्यायला लागल्या, घरात मयत झाल्यासारखे. उरणकडची एक कोळीण आमच्याकडे मासे घेऊन यायची. पाटी उतरवता उतरवता मला म्हणाली, "बाय, तुज्या भावाला बाधा झालीय म्हनं. आमच्या गावान भगत हाय एक. पैसं घेत नाय. नेतेस काय?" तिला कुणी सांगितलं, कोण जाणे. डोळे मिटून केलेली प्रार्थना मासळीच्या पाटीपर्यंत पोचली होती. मी तिला नको म्हटलं. पण खरं सांगते, सगळ्या गावात तिनं एकटीनं मला तोंडावर विचारलं.

दादा ठाण्याला गेला. माझ्याबरोबर नाही, पाळकसाहेबांबरोबर. एस.टी.त दोघं शेजारी बसलेले मी स्टँडवर लांबून बघितले. पुढं डॉक्टरांनी घरच्या कुणाला तरी बोलावलं तेव्हा मी गेले. डॉक्टर म्हातारे, हिंदू, कपाळाला गंध लावणारे. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा साधं होतं. म्हणाले, याला आपल्या मराठीत मंत्रचळ म्हणतात. माझ्याकडे एक पुरोहित येतात, त्यांना गाभाऱ्यात असे विचार येतात. एकांना नमाजात येतात. माणूस जे सर्वांत जपतो, नेमकं तिथंच हा आजार बोट घालतो. तुमच्या भावाला देवाची फिकीर नसती, तर हा विचार त्याला बोचलाच नसता. मी विचारलं, माझ्याबद्दल त्याचा एक गैरसमज आहे, तो दूर करू का? डॉक्टर म्हणाले, "सध्या वाद नको. एका माणसावर विश्वास ठेवून तो उभा आहे. तो माणूस आत्ता हलवू नका."

तो माणूस कोण, हे डॉक्टरांना माहीत होतं आणि मलाही. मी हलवला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

दादा सावकाश बरा झाला. गोळ्या, डॉक्टर, पाळकसाहेब. वर्षभरानं त्यानं ट्रेमधला प्याला उचलला, तेव्हा मी मागच्या बाकावर होते. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. घरी तो माझ्याशी बोलायचा. गॅसचा नंबर लावलास का, बिल भरलंस का, पळस्प्याला ट्रॅफिक होता, असलं बोलायचा. शर्ट विचारणं बंद झालं. त्याचं लग्न ठरलं ते मला आईकडून कळलं. आई म्हणायची, "बोलतो ना आता? मग?" मी तिला दर थोड्या दिवसांनी म्हणायचे, सांग त्याला, माझं तो खरं धरणार नाही. ती म्हणायची, आत्ता कुठं बरा आहे, लग्न होऊ दे. मग म्हणाली, मूल होऊ दे. मग म्हणाली, जुनं कशाला उकरतेस? पाळकसाहेबांची योग्य वेळही आली नाही. रस्त्यात भेटले की ते मला "सलाम, बेटा" म्हणायचे आणि माझ्या डोळ्यांत न बघता माझ्या हातातल्या पिशवीकडे बघायचे. मी मानसशास्त्रात पुढं एम.ए. केलं नाही. मुंबईत एका ऑफिसात लागले. गुरुवारच्या सभेला त्या दिवसानंतर कधीच गेले नाही. रविवारी मात्र जात राहिले. देवानं माझं काही बिघडवलं नव्हतं.

काही वर्षांनी पाळकसाहेबांची बदली झाली. शाळेच्या हॉलमध्ये निरोपसमारंभ ठेवला. दादा तेव्हा मंडळीचा सेक्रेटरी होता. शाल, हार, भाषणं. शेवटी दादा बोलायला उभा राहिला आणि त्यानं साक्ष दिली. आमच्यात देवानं आपल्यासाठी केलेलं सगळ्यांपुढं सांगतात, त्याला साक्ष म्हणतात. तो स्वतःच्या आजाराबद्दल उघडपणे बोलला, गोळ्यांबद्दलही बोलला. एवढं धैर्य आमच्या मंडळीत कुणी दाखवलं नव्हतं. माझी छाती भरून आली. मग तो म्हणाला, "त्या दिवसांत माझ्या घरच्या माणसांनाही माझं गुपित राखता आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. पण या माणसानं राखलं. मी आज इथं उभा आहे, तो यांनी ते पोटात ठेवलं म्हणून."

टाळ्या पडल्या. पाळकसाहेब मान खाली घालून बसले होते. लोकांना ती नम्रता वाटली असणार. मी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. त्यांनी एकदा मान वर केली, मला बघितलं आणि उठून दादाला मिठी मारली. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं होतं, हे मी मानसशास्त्राला विचारलं नाही आणि देवालाही नाही.

नंतर चहाच्या वेळी दादा माझ्याजवळ आला. आई शेजारीच समोशांच्या प्लेटा लावत होती. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तुला वाईट वाटलं असेल मघाशी," तो म्हणाला. त्याचा आवाज पूर्वीचा होता, शर्ट विचारणाऱ्या दादाचा. "पण माझ्या मनात आता काही नाही गं. तू लहान होतीस. मी तुला केव्हाच माफ केलंय."

मी आईकडे बघितलं. तिचे हात थांबले होते. मी वाट बघितली. खरंच बघितली. दादाही हसऱ्या चेहऱ्यानं माझ्या उत्तराची वाट बघत होता. हॉलमध्ये सगळी मंडळी होती, पाळकसाहेब हार काढून शालीची घडी घालत होते.

"बरं केलंस, दादा," मी म्हटलं.

आईनं सुस्कारा सोडला, पदरानं डोळे पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बघ, देवानं तुम्हा दोघांचं कसं जोडलं."

मी तिचा हात पाठीवरून काढला आणि रिकामे कप गोळा करायला गेले.